टेनेसीतील हत्तींचे आश्रयस्थान कसे उभे राहिले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे आश्रयस्थान कुठे आहे आणि ते कोणी स्थापन केले?

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या नैर्ऋत्येला होहेनवाल्ड नावाचे एक लहान गाव आहे. ‘उंचावरचे रान’ असा त्या जर्मन नावाचा अर्थ. या गावाजवळ १९९५ साली कॅरल बकली आणि स्कॉट ब्लेस या दोघांनी ‘द एलिफंट सँक्च्युअरी’ ही संस्था स्थापन केली. सुरुवातीला तिच्याकडे सुमारे ११० एकर जमीन, एक हत्तीखाना आणि टारा नावाची एकच हत्तीण होती. सर्कशीतून आणि प्राणिसंग्रहालयांतून निवृत्त झालेल्या किंवा सोडवून आणलेल्या हत्तिणींना उरलेले आयुष्य मोकळ्या रानात, आपल्या जातीच्या सोबतीत घालवता यावे, एवढाच संस्थेचा हेतू होता.

मराठीत याला ‘हत्ती अभयारण्य’ म्हणता येईल का?

तो शब्द टाळलेला बरा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ‘अभयारण्य’ या शब्दाला निश्चित अर्थ मिळाला आहे. ज्या वनक्षेत्रात वन्य प्राणी मुळातच राहतात आणि जे शासन अधिसूचना काढून राखीव करते, ते अभयारण्य. होहेनवाल्डची जमीन देणग्यांच्या पैशांतून विकत घेतलेली आहे, तिला भक्कम कुंपण आहे आणि तिथे राहणारा प्रत्येक हत्ती मालमोटारीतून तिथे आलेला आहे. म्हणून या पानावर ‘आश्रयस्थान’ हाच शब्द वापरला आहे. पांजरपोळाची कल्पना मराठी वाचकाला परिचित आहे आणि म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांचा शेवटपर्यंत सांभाळ करणे हा दोन्हींतला समान धागा आहे. मात्र पांजरपोळात जनावर दावणीला असते, तर येथे दावणच असू नये हा आग्रह होता.

टारा कोण होती?

टाराचा जन्म १९७४ चा, ब्रह्मदेशातला. जेमतेम सहा महिन्यांची असताना तिला अमेरिकेत आणण्यात आले आणि कॅलिफोर्नियातल्या एका टायर विक्रेत्याने दुकानाच्या जाहिरातीसाठी तिला विकत घेतले. हत्तीचे पिल्लू दोन वर्षे आणि पुढेही आईच्या दुधावर वाढते आणि सतत आई, मावश्या, बहिणी यांच्या पायांत घुटमळत असते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे काय काय हिरावले गेले होते याची कल्पना येते. कॅरल बकली त्या सुमारास जवळच्याच महाविद्यालयात वन्य प्राण्यांचे प्रशिक्षण आणि देखभाल या विषयाचा अभ्यास करत होती. रस्त्याने चाललेले ते पिल्लू तिने घरातून पाहिले, दुकानदाराकडे जाऊन त्याची काळजी घेण्याचे काम मागून घेतले आणि एक-दोन वर्षांतच पिल्लू विकत घेतले. त्याचे पूर्वीचे नाव बदलून ‘टारा’ हे नाव तिनेच ठेवले.

साल १९७४ आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. अमेरिकेने संकटग्रस्त प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७३ मध्ये केला, वन्य प्राण्यांच्या व्यापारावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला आणि आशियाई हत्तीला त्यात सर्वांत कडक संरक्षण मिळाले. त्यानंतर आशियाच्या जंगलांतून पिल्ले पकडून सर्कशीसाठी जहाजांवर चढवणे जवळपास थांबले. दार बंद होण्याच्या अगदी तोंडावर आलेल्या शेवटच्या पिल्लांपैकी टारा एक होती. तिच्या आधीच्या पंचवीस-तीस वर्षांत आलेल्या हत्तिणी १९९० च्या दशकात वयस्क झाल्या होत्या, त्यांचे पाय अधू झाले होते आणि खेळ करून घेणाऱ्यांना त्यांचा उपयोग उरला नव्हता. त्यांच्यासाठी जागा कुठे, हा प्रश्न नेमका त्याच वेळी उभा राहिला.

टाराला स्केट घालून नाचवणाऱ्या बकली यांनीच आश्रयस्थान का काढले?

हा प्रश्न अनेक वाचक थोड्या रोषाने विचारतात आणि तो रोष समजण्यासारखा आहे. बकली यांनी टाराला चाकांचे बूट घालून घसरायला शिकवले होते. पुढे अनेक वर्षे दोघी सर्कशीत, मनोरंजन उद्यानांत आणि चित्रीकरणांत एकत्र काम करत होत्या. बकली यांनी हा भूतकाळ लपवलेला नाही.

बदल एका दिवसात झाला नाही. टारा वाढत गेली, तशी तिला एका माणसाच्या सोबतीहून अधिक काही हवे आहे, ही गोष्ट डोळ्यांआड करणे अशक्य होत गेले. बकली यांनी तिला घेऊन वेगवेगळ्या प्राणिसंग्रहालयांत काम केले, टाराला इतर हत्तींची सोबत मिळावी म्हणून कॅनडातल्या एका प्राणी उद्यानातही त्या राहिल्या. मात्र बहुतेक ठिकाणी काँक्रीटची जमीन, रात्रीची साखळी, अंकुशाचा धाक आणि माणसाच्या सोयीने ठरलेले वेळापत्रक हेच त्यांच्या वाट्याला आले. चांगली जागा शोधून सापडत नाही, तर ती आपणच तयार केली पाहिजे, या निष्कर्षाला त्या वीस वर्षांनी पोहोचल्या.

माझ्या मते या संस्थेच्या स्थापनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. माया असलेला मालक हत्तीला पुरेसा पडत नाही, ही कबुली ज्या व्यक्तीने दिली, तिनेच त्या हत्तिणीवर सर्वाधिक माया केली होती. एखाद्या हत्तिणीला आंघोळ घालणे, तिच्याशी बोलणे, आजारपणात रात्र-रात्र जागणे यांत खोटे काही नसते. पण त्या मायेच्या बदल्यात तिला कळप मिळत नाही आणि चालायला वाटही मिळत नाही.

स्कॉट ब्लेस यांचा सहभाग काय होता?

ब्लेस मूळचे कॅनडाचे. वर उल्लेख केलेल्या प्राणी उद्यानात किशोरवयातच ते हत्तींच्या देखभालीच्या कामाला लागले होते. हत्तीला धाकात ठेवण्याची रूढ पद्धत ते तिथेच शिकले आणि त्याच काळात तिच्याविषयी त्यांचे मन साशंक झाले. तिथे बकली यांची आणि त्यांची ओळख झाली. होहेनवाल्डला आले तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. कुंपण घालण्यापासून चारा उतरवण्यापर्यंतच्या पहिल्या वर्षांच्या अंगमेहनतीत त्यांचा वाटा मोठा होता.

टेनेसीचीच निवड का झाली? तिथे तर बर्फ पडते.

हवा, पाणी, जमीन आणि पैसा या चार गोष्टींचा मेळ तिथे बसला. टेनेसीत पाऊस चांगला असतो, गवत आणि झाडोरा वर्षातला मोठा काळ टिकतो, ओढे आणि तळी आहेत आणि जमिनीला चढउतार आहेत. पायांचे स्नायू आणि सांधे धडधाकट राहण्यासाठी हत्तीला या चढउतारांची फार गरज असते. थंडीच्या दिवसांत आत येण्यासाठी उबदार हत्तीखाने आहेत, पण त्यांची दारे हत्तिणींवर बंद केली जात नाहीत, त्यामुळे हलक्या बर्फात स्वखुशीने फिरणाऱ्या हत्तिणीही तिथे दिसतात. शिवाय दोन व्यक्ती आणि एक हत्तीण एवढ्याच भांडवलावर सुरू होणाऱ्या संस्थेला मोठ्या शहराजवळची महागडी जमीन परवडली नसती, हेही कारण होतेच.

या हत्तिणींना परत आशियातल्या जंगलात का सोडले नाही?

कारण परतण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते. रानात काय खावे, पाणी कुठे शोधावे, वाघापासून पिल्लू कसे वाचवावे ही विद्या हत्तीण आपल्या आई-आजीकडून वर्षानुवर्षे शिकते. पहिल्याच वर्षी कळपापासून तुटलेल्या आणि चाळीस वर्षे माणसाच्या हातून खाल्लेल्या हत्तिणीला ती कुठून येणार? त्यात संधिवात, तळव्यांच्या जखमा, नखांत पू होणे हे कठीण जमिनीवर उभे राहून जडलेले आजार त्यांना असतात आणि त्यांना आयुष्यभर औषधोपचार लागतात. शिवाय माणसाची भीती मोडलेला हत्ती जंगलालगतच्या शेतांत उतरला, तर दोघांच्याही जिवावर बेतते. म्हणून रानासारखी जागा आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर, असा मधला मार्ग काढावा लागला.

हा विचार योग्य असल्याचे केव्हा सिद्ध झाले? जेनी आणि शर्लीची हकिगत खरी आहे का?

ही हकिगत खरी आहे, चित्रित झालेली आहे आणि सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१९९६ मध्ये टाराच्या सोबतीला आधी बार्बरा आणि नंतर जेनी आली. जेनी मूळची सुमात्राची. सर्कशीत असताना तिच्या मागच्या पायाला दुखापत झाली होती आणि पुढे तिला लास व्हेगासजवळच्या एका प्राणी निवाऱ्यात सोडून देण्यात आले होते. तिथून ती होहेनवाल्डला पोहोचली.

शर्लीही सुमात्राचीच, १९४८ च्या सुमाराची. पकडून तिला अमेरिकेतल्या सर्कशीत आणले गेले. क्यूबात क्रांती झाली तेव्हा तिची सर्कस तिथे अडकून पडली होती. १९६३ मध्ये सर्कशीच्या जहाजाला कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यावर आग लागली, त्यातून शर्ली वाचली, पण भाजल्याच्या खुणा अंगावर राहिल्या आणि कानाचा तुकडा गेला. १९७० च्या दशकात दुसऱ्या हत्तिणीशी झालेल्या झटापटीत तिचा मागचा पाय मोडला आणि तो वाकडाच जुळला. मग १९७७ मध्ये तिची रवानगी लुइझियानातल्या एका प्राणिसंग्रहालयात झाली आणि पुढची बावीस वर्षे तिने दुसरा हत्ती पाहिला नाही.

६ जुलै १९९९ रोजी शर्लीची गाडी होहेनवाल्डला पोहोचली. ज्याने बावीस वर्षे तिची देखभाल केली तो रखवालदार तिला पोहोचवायला सोबत आला होता. त्याने शेवटचे तिच्या अंगावर पाणी घातले, तिच्या पायातली साखळी काढली आणि तो निघाला. त्याला रडू आवरले नाही.

संध्याकाळी जेनी हत्तीखान्यात आली. दोघी शेजारच्या गाळ्यांत होत्या, मध्ये लोखंडी गज होते. शर्लीचा वास येताच जेनी अस्वस्थ झाली, गजांतून सोंड घालून तिला चाचपू लागली, ओरडू लागली. शर्लीनेही तसाच आवाज काढला. दोघींनी मिळून ते गज वाकवले. मधले दार उघडल्यावर त्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या आणि पुढचे दिवस त्यांनी एकमेकींना सोडले नाही. नंतर जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा उलगडा झाला की वीसहून अधिक वर्षांपूर्वी दोघी काही काळ एकाच सर्कशीत होत्या. जेनी तेव्हा पिल्लू होती आणि शर्ली विशीतली हत्तीण. पिल्लू जन्माला घालण्याचे भाग्य शर्लीला कधी लाभले नाही, पण होहेनवाल्डला जेनीशी तिचे वागणे आईचे होते.

जेनी ऑक्टोबर २००६ मध्ये गेली. शर्ली तिच्यानंतर चौदा वर्षे जगली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी तिथेच वारली.

त्या एका रात्रीने कोणताही शास्त्रीय सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण हत्तीला हत्तीच हवा असतो, ही ज्या विचारावर संस्था उभी राहिली ती गोष्ट त्या रात्रीनंतर कोणाला समजावून सांगावी लागली नाही, आणि संस्थेचे नाव व देणग्यांचा ओघ दोन्ही त्यानंतर वाढत गेले.

११० एकरांचा विस्तार पुढे किती झाला?

टप्प्याटप्प्याने जमीन घेत संस्था २००४ च्या सुमारास सुमारे २,७०० एकरांवर पोहोचली आणि आज ती तीन हजार एकरांहून अधिक आहे. २००४ मध्ये आफ्रिकी हत्तिणी येऊ लागल्या आणि त्यांच्यासाठी वेगळे क्षेत्र राखले गेले, कारण आशियाई आणि आफ्रिकी हत्तींच्या सवयी, त्यांची भाषा आणि रोगांची बाधा यांत फरक असतो.

याच काळात सरकारी जप्तीचे प्रकरण आले. सर्कशींना हत्ती भाड्याने पुरवणाऱ्या इलिनॉयमधल्या एका कंपनीवर अमेरिकेच्या कृषी विभागाने हेळसांडीबद्दल कारवाई केली आणि नोव्हेंबर २००३ मध्ये ‘डेल्ही’ नावाची हत्तीण जप्त करून होहेनवाल्डला पाठवली. या विभागाने तोवर एकही हत्ती जप्त केला नव्हता. जप्त केलेला हत्ती ठेवायचा कुठे, याचे उत्तरच त्यापूर्वी नव्हते. कायदा कागदावर असतो, पण जागा नसेल तर तो चालवता येत नाही. २००६ च्या सुरुवातीला त्याच कंपनीच्या आणखी आठ हत्तिणी तिथे आल्या. त्यांतल्या काहींना क्षयाची बाधा झालेली किंवा तिचा संसर्ग पोहोचलेला होता. हा रोग त्यांना माणसांकडूनच मिळालेला असतो. त्यामुळे त्यांना इतरांपासून अलग ठेवण्याची मोठी व्यवस्था उभी करावी लागली.

तिथे अपघात झाला होता, हे खरे आहे का?

होय. जुलै २००६ मध्ये विंकी नावाच्या हत्तिणीने केलेल्या हल्ल्यात देखभाल करणाऱ्या एका तरुणीचा मृत्यू झाला. संस्थेच्या इतिहासातली ही सर्वांत दुःखद घटना आहे आणि तिचा उल्लेख टाळून संस्थेची माहिती देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विंकीला शिक्षा केली गेली नाही, ती तिथेच राहिली. मात्र कर्मचाऱ्यांनी हत्तिणींत मोकळेपणी वावरण्याची पद्धत त्यानंतरच्या काळात बंद झाली आणि माणूस व हत्ती यांच्यामध्ये कायम अडसर ठेवून काम करण्याची पद्धत आली. या पद्धतीत हत्तिणीला पाय पुढे करायला सांगितले जाते, तिने केला तर फळ किंवा शाबासकी मिळते, नाही केला तर ती निघून जाऊ शकते. अंकुशाला त्यात जागाच नाही. ही पद्धत माणसाला सुरक्षित ठेवते आणि नकार देण्याची मुभा हत्तिणीला देते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी अधिक न्याय्य आहे असे मला वाटते.

संस्थापक आजही तिथेच आहेत का?

नाहीत. व्यवस्थापक मंडळाशी मतभेद होऊन २०१० मध्ये बकली यांना संस्था सोडावी लागली. टारावर हक्क कोणाचा, यावर अनेक वर्षे न्यायालयीन वाद चालला आणि अखेर २०२१ मध्ये टारा त्यांच्या जॉर्जिया राज्यातल्या नव्या आश्रयस्थानात गेली. दरम्यान बकली यांनी स्थापन केलेली दुसरी संस्था नेपाळ आणि भारतातल्या पाळीव हत्तींसाठी साखळीऐवजी विजेच्या सौम्य झटक्याचे कुंपण घातलेली मोकळी आवारे उभारण्याचे काम करते. नेपाळच्या चितवन परिसरातले हे काम विशेष उल्लेखनीय आहे. ब्लेस यांनीही पुढे दुसरी संस्था काढली आणि २०१६ मध्ये ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात दक्षिण अमेरिकेतले हत्तींचे पहिले आश्रयस्थान सुरू केले. माया आणि गिदा या दोन हत्तिणी तिथे प्रथम आल्या.

तिथे पिल्ले का जन्माला घालत नाहीत?

बंदिवासात आणखी एक पिढी जन्माला घालायची नाही, असे संस्थेचे धोरण आहे. पहिल्या काळात तिथे केवळ हत्तिणीच घेतल्या जात. माजावर आलेल्या नराला सांभाळायला वेगळी जागा आणि वेगळे कुंपण लागते, हेही त्यामागचे व्यावहारिक कारण होते.

अशा प्रकारचे हे पहिलेच ठिकाण होते का?

पूर्णपणे नाही. कॅलिफोर्नियात पॅट डर्बी आणि एड स्टुअर्ट यांनी १९८४ मध्येच मनोरंजन व्यवसायातल्या प्राण्यांसाठी संस्था काढली होती आणि तिच्याकडे हत्तीही होते. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी १९७७ मध्ये संस्था स्थापन केली, पण तिथला प्रश्न वेगळा होता. अनाथ पिल्ले वाढवून ती जंगलात परत पाठवायची होती आणि जंगल शेजारीच होते. होहेनवाल्डचे वेगळेपण असे की ते केवळ हत्तींसाठी, नैसर्गिक रानाच्या रूपात आणि प्रेक्षकांशिवाय उभे राहिले.

महाराष्ट्रातल्या हत्तींशी याचा काय संबंध?

संबंध संस्थेचा नाही, प्रश्नाचा आहे. दारी हत्ती झुलणे ही आपल्याकडे वैभवाची खूण मानली गेली. छत्रपतींच्या आणि संस्थानिकांच्या हत्तीखान्यांपासून देवस्थानांच्या आणि मठांच्या मिरवणुकांपर्यंत हत्ती आपल्या भावजीवनात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ज्योतिबाला अर्पण केलेल्या सुंदर नावाच्या हत्तीला २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा येथे हलवण्यात आले. २०२५ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला गेली, तेव्हा निरोप देताना हजारोंना अश्रू अनावर झाले आणि नंतर लोक रस्त्यावर उतरले.

त्या अश्रूंची थट्टा करणाऱ्यांनी शर्लीच्या रखवालदाराची आठवण ठेवावी. तोही रडला होता. पण तिला दुसऱ्या हत्तिणीजवळ पोहोचवताना आपण योग्य तेच करत आहोत याची त्याला खात्री होती, कारण ती कुठे जात आहे हे त्याने स्वतः पाहिले होते. आपल्याकडे हत्ती हलवताना त्याच्या माहुताला आणि गावाला आधी ती जागा दाखवली, तिथे दुसरे हत्ती आहेत का, जमीन मातीची आहे का, साखळी आहे की नाही, हे पाहू दिले, तर पुष्कळ कटुता टळेल असे वाटते.

होहेनवाल्डला जाऊन हत्ती पाहता येतात का?

नाही. हत्तिणींचे क्षेत्र जनतेसाठी बंद आहे आणि ते स्थापनेपासूनच तसे आहे. ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या नजरा झेलल्या त्यांना त्यातून मोकळे करायचे, हे सुरुवातीलाच ठरले होते. अमेरिकेत राहणारे अनेक मराठी वाचक मुलांना घेऊन जाण्याविषयी विचारतात. त्यांनी गावातल्या माहिती केंद्राला भेट द्यावी. तिथे हत्तींच्या शरीररचनेची आणि स्वभावाची चांगली माहिती मिळते. घरबसल्या पाहायचे असेल, तर संस्थेच्या संकेतस्थळावर रानात बसवलेल्या कॅमेऱ्यांचे थेट चित्रण असते. त्यात बराच वेळ नुसती झाडे आणि गवत दिसत राहते. हत्तिणी दिसण्याची शक्यता पहाटे आणि संध्याकाळी अधिक असते, मात्र टेनेसीची वेळ भारताच्या साडेदहा ते साडेअकरा तास मागे असल्याने भारतातल्या वाचकांनी हिशेब करूनच बसावे.